कचरा कुठे बिघडतो?

कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात उकिरडा ही मालकीची वस्तू असते. गोठ्यातले शेण, गव्हाणीत उरलेला कडबा, चुलीची राख, भाजीचे देठ, अंगण झाडून निघालेला केर असे सगळे वर्षभर एका खड्ड्यात पडत राहते आणि मृगाच्या आधी तो खड्डा उपसून माल रानात जातो. ऊस किंवा अद्रक लावणारा शेतकरी शेणखताच्या ट्रॉलीला रोख पैसे मोजतो. घरचे कमी पडले तर शेजारच्या गावातून आणतो. याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, २०१८ साली कचऱ्यावरून दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या आणि पोलिस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले. एकाच जिल्ह्यात एका ठिकाणी कुजणाऱ्या मालाला भाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला कोणी वेशीवर उभे करत नाही.

शहर मोठे, म्हणून कचरा जास्त, म्हणून प्रश्न, असे उत्तर सहसा दिले जाते. ते अर्धेच बरोबर आहे. शहरातल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग उकिरड्यात जातो तसलाच, म्हणजे कुजणारा असतो. उरलेल्यातही विकला जाईल असा माल बराच असतो. मग तो बिघडतो कुठे, हे पाहायचे तर आधी शहर कसे वाढले आणि कचऱ्याचे पुढे काय होते, ते क्रमाने पाहावे लागते.

वाढते शहर, एकच जागा

१९६१ मध्ये औरंगाबादची लोकसंख्या लाखाच्या आत होती. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली आणि १९८१ पर्यंत शहर तीन लाखांच्या घरात पोहोचले; वाळूज त्यानंतर उभे राहिले. १९८२ च्या डिसेंबरात नगरपालिकेची महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत हा आकडा ११ लाख ७५ हजारांवर गेला. पन्नास वर्षांत शहर बारा-तेरा पटींनी वाढले. नळ, रस्ते, ड्रेनेज यांची ओढाताण सगळ्यांना दिसत होती. कचरा मात्र शहराबाहेर नारेगाव-मांडकीच्या डेपोवर जात होता, त्यामुळे तो शहरातल्या कोणाला दिसत नव्हता. तीन दशकांहून अधिक काळ ही एकच जागा पुरवली गेली.

जागा कशी भरते, याचा हिशेब सोपा आहे. २०१८ च्या सुमारास शहरात रोज ४०० ते ४५० टन कचरा निघत होता, म्हणजे माणशी ढोबळ मानाने ३०० ग्रॅम. मिश्र कचऱ्याचे वजन घनमीटरला ४०० किलो धरले, तर ४०० टनांचा ढीग हजार घनमीटरचा होतो. तो एक एकर जमिनीवर सारखा पसरला तर २५ सेंटिमीटरचा थर बसतो. महिनाभर त्याच एकरावर टाकत राहिले तर थर साडेसात मीटर, म्हणजे दुमजली घराएवढा उंच होतो. दाबून आणि कुजून तो खाली बसतो हे खरे, पण रोजची भर थांबत नाही.

नारेगावच्या ढिगावर कचरा फक्त साठत नव्हता. उघड्यावर रचलेल्या ओल्या कचऱ्यातून पाऊस झिरपतो तेव्हा काळे, आंबट पाणी तळातून बाहेर पडते. त्यात कुजलेल्या पदार्थांची आम्ले, क्षार आणि जड धातू विरघळलेले असतात आणि ते जमिनीत मुरत विहिरींकडे जाते. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही, तिथे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता अडवतो. तो पेटतोही. कचरा डेपोला आग लागल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हाच वायू असतो. वरून पाणी मारून अशी आग विझत नाही, ती आत धुमसत राहते. पाणी, धूर, माश्या आणि मोकाट कुत्री या सगळ्याची तक्रार आसपासची गावे वर्षानुवर्षे करत होती.

फेब्रुवारी-मार्च २०१८

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी नारेगाव-मांडकी परिसरातल्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुन्हा सोडल्या नाहीत. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. महापालिकेकडे दुसरी जागा नव्हती आणि प्रक्रिया करणारा एकही मोठा प्रकल्प नव्हता. रस्त्याकडेला, चौकांत, बाजाराच्या तोंडाशी ढीग साचू लागले. जिथे म्हणून गाडी जाई, तिथले लोक ती परत पाठवत. ७ मार्चला शहराच्या कडेच्या मिटमिट्यात कचऱ्याची गाडी आली आणि दंगल झाली. तोपर्यंत १९ दिवस उलटले होते. रोज ४०० टन धरले तर साडेसात हजार टनांचा हिशेब होतो.

पुढच्या आठवड्यात महापालिका आयुक्तांची बदली झाली, पोलिस आयुक्त रजेवर गेले आणि सरकारने प्रक्रिया प्रकल्पांसाठी निधी मंजूर केला. ठरलेली रचना अशी होती: चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल येथे प्रत्येकी १५० टनांची केंद्रे, आणि कांचनवाडीला ३० टन ओल्या कचऱ्याचा गॅस प्रकल्प. ही केंद्रे एकदम उभी राहिली नाहीत. २०१९ पासून पुढे एकेक करत सुरू झाली. एका डोंगराऐवजी शहराच्या चार दिशांना चार ठिकाणी काम वाटून देणे हा बदल योग्यच होता. पण केंद्र म्हणजे काही जादू नव्हे. त्याच्या आत काय चालते ते समजले, म्हणजे ते कशाने बंद पडते तेही समजते.

ओल्याचे खत

स्वयंपाकघरातला आणि बाजारातला ओला कचरा कुजवणारे कामगार म्हणजे जिवाणू आणि बुरशी. त्यांना चार गोष्टी लागतात: कार्बन, नत्र, पाणी आणि हवा. एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कार्बन असला की त्यांचे काम जोरात चालते. त्यातला सुमारे दोन तृतीयांश कार्बन ते श्वासात जाळतात आणि एक तृतीयांश अंगाला लावतात. भाजीच्या देठा-सालींत नत्र जास्त आणि कार्बन कमी, साधारण पंधरा-वीसला एक. तेवढ्याच मालाचा ढीग लावला तर जादा नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि नाकात झोंबते. त्यात वाळका पालापाचोळा, भुसा किंवा उसाचे पाचट मिसळले की प्रमाण जुळते. गावच्या उकिरड्यात शेणाबरोबर कडबा आणि केर पडतो, त्यामुळे हे गणित तिथे कोणी न मांडता सुटलेले असते.

पाणी किती हवे, हे केंद्रावरचा जुना कामगार यंत्राशिवाय सांगतो. ढिगात हात घालून मूठभर माल काढायचा आणि घट्ट दाबायचा. बोटांच्या फटीत ओल चमकली पाहिजे, पण पाणी ठिबकता कामा नये. ही ओल पन्नास ते साठ टक्के भरते. ठिबकले तर मालातल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या आहेत, हवेला वाट नाही. मूठ उघडल्यावर माल भुगा होऊन सांडला तर जिवाणूंना पाणी नाही.

लांबच लांब ढीग रचल्यावर दोन-तीन दिवसांत त्याच्या पोटातले तापमान ५५ ते ६५ अंशांवर जाते. बाहेरून उष्णता दिलेली नसते. ती जिवाणूंच्या श्वसनाची असते. हाच ताप रोगजंतू आणि तणांचे बी मारतो. कच्च्या उकिरड्याचे खत टाकले की रानात तण माजते, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. तिचे कारणही इथेच आहे. घरच्या छोट्या खड्ड्यात इतका ताप सगळीकडे पोहोचत नाही. काही दिवसांत ढिगातली हवा संपते, ताप उतरतो, तेव्हा ढीग उलथून पुन्हा रचतात आणि तो परत तापतो. चार-पाच आठवड्यांनी उलथूनही तापेनासा झाला, म्हणजे जिवाणूंचे सहज पचणारे खाणे संपले. मग काही दिवस मुरवत ठेवून तो गोल फिरणाऱ्या चाळण्यांतून काढतात. शेवटच्या चाळणीची छिद्रे चार मिलिमीटरची असतात. १०० किलो स्वच्छ ओल्या कचऱ्यातून हाती खत येते ते २० ते २५ किलो. बाकीचा कार्बन आणि पाणी हवेत गेलेले असते.

या खतात नत्र एक टक्क्याच्या आसपास, आणि युरियात ४६ टक्के. या तुलनेवरून शहरी खताला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. पण खताचे काम नत्र पुरवणे एवढेच नाही. मराठवाड्यातल्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी उरला आहे. जमिनीत ओल धरून ठेवणे, माती भुसभुशीत राखणे, रासायनिक खत मुळांजवळ टिकवणे ही कामे कार्बनची आहेत आणि ती युरिया करत नाही.

ओल्याचा गॅस

कांचनवाडीसारख्या प्रकल्पाची रीत उलटी असते. तिथे हवा मुद्दाम बंद करतात. बंद टाकी म्हणजे ढोबळ मानाने गाईचे पोट: खाणे बारीक करून आत जाते, उबेत आणि हवेविना जिवाणू ते पचवतात, वायू वर निघतो आणि पाठीमागून शेणासारखी पातळ रबडी बाहेर पडते. उपमेपेक्षा नाते जवळचे आहे, कारण अशी टाकी सुरू करताना विरजण म्हणून ताजे शेणच घालतात.

आतले काम दोन टोळ्यांत चालते. पहिली टोळी पिठूळ, तेलकट, प्रथिनांचे पदार्थ तोडून त्यांची आम्ले बनवते. दुसरी टोळी ती आम्ले खाऊन मिथेन सोडते. पहिली झपाट्याने वाढते, दुसरी सावकाश. सगळी अडचण या फरकात आहे. लग्नसराईत हॉटेल-कार्यालयांतून एकदम दुप्पट अन्न आले आणि ते सगळे टाकीत ढकलले, तर पहिली टोळी आम्लांचा पूर आणते, दुसरीला तो पेलत नाही, टाकी आंबते आणि गॅस बंद होतो. पुन्हा ती मार्गावर यायला आठवडे जातात. म्हणून टाकीला रोज सारखे आणि एकाच जातीचे खाणे द्यावे लागते. जाधववाडीच्या बाजार समितीतला किंवा औरंगपुऱ्याच्या मंडईतला भाजीपाला अशा टाकीला मानवतो, कारण तो एकाच जागी, ठरावीक वेळी आणि बराचसा निवडलेला मिळतो.

एक टन स्वच्छ ओल्या कचऱ्यातून साधारण ८० ते १०० घनमीटर गॅस मिळतो, त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन. घनमीटरमागे दोन युनिट वीज धरली, तर पूर्ण ३० टन चांगला माल मिळालेल्या दिवशी पाच हजार युनिटांच्या आसपास वीज निघू शकते. मोठ्या शहराच्या वापरापुढे हा आकडा किरकोळ आहे, पण रस्त्यावरचे दिवे आणि प्रकल्पाच्या मोटारी त्यावर चालतात. इंदूरने हीच गोष्ट मोठ्या मापावर केली: फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा प्रकल्प सुरू झाला आणि त्याचा गॅस शुद्ध करून शहर बसमध्ये वापरला जातो. ते शक्य झाले, कारण इंदूरने आधी काही वर्षे घरोघरी वर्गीकरण रुजवले होते. टाकी नंतर आली. हा क्रम महाराष्ट्रातल्या अनेक पालिकांनी उलटा केला आहे.

सुक्याचा बाजार

सुक्या कचऱ्याला शास्त्राआधी बाजार सापडला. भंगारवाल्याच्या गोदामात पुठ्ठा, रद्दी, पत्रा, बीड, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या यांचे वेगवेगळे ढीग असतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. या भावामागे कारणे आहेत. अॅल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा वापरला, तर खनिजापासून तेवढाच धातू बनवायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९५ टक्के वाचते. म्हणून तो कोणी रस्त्यावर राहू देत नाही. कागदाचे तंतू दर खेपेला आखूड होतात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर टिकत नाहीत; म्हणून पांढऱ्या कागदाचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा पुन्हा पांढरा कागद होत नाही. पाण्याच्या बाटलीचे तुकडे धुऊन, वितळवून त्याचा धागा काढतात आणि तो कापडात जातो. काच कितीही वेळा वितळते, पण जड आणि स्वस्त असल्याने लांबची वाहतूक तिला परवडत नाही.

वेफरच्या पाकिटाला मात्र भंगारवाला हात लावत नाही. त्यात प्लास्टिकचे थर आणि अॅल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त येतो. कारखान्यात झालेली ही मिसळण कोणत्याही गोदामात उलटवता येत नाही, आणि त्याचा भुर्दंड पालिकेवर पडतो.

या बाजाराचा पाया कचरावेचक आहेत, त्यातही मुख्यतः बाया. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून तिच्यातूनच निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. त्या बायांना प्लास्टिक ओळखायला त्रिकोणातला आकडा वाचावा लागत नाही. पिशवी बोटांत चुरगाळली की आवाजावरून जात कळते. हे कसब कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते, पण त्यामुळे पालिकेचा वाहतुकीचा आणि जागेचा खर्च रोज वाचतो.

चौकट : घरातून काय कुठे जावे

ओला डबा: देठ, साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा, निर्माल्य, अंड्याची टरफले.
सुका डबा: कागद, पुठ्ठा, पत्रा, काच, बाटल्या, दुधाच्या पिशव्या (धुऊन, वाळवून).
वेगळे बांधून: सॅनिटरी पॅड आणि डायपर, कागदात गुंडाळून खूण करून.
साठवून, अधूनमधून द्यायचे: सेल, ट्यूबलाइट, थर्मामीटर, औषधे, रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे.
गाडीत मुळीच नको: बांधकामाचा राडारोडा.

जाळून का टाकत नाहीत?

कचरा जाळून वीज करा, हा सल्ला दर सभेत कोणी ना कोणी देतो. आडवे येते ते पाणी. आपल्या मिश्र कचऱ्यात निम्म्यापर्यंत पाणी असते. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्या आसपास किलोकॅलरी लागतात. म्हणजे किलोभर मिश्र कचरा जाळताना तीनशे किलोकॅलरी नुसत्या त्यातले पाणी उडवण्यात जातात. देशातल्या मिश्र कचऱ्याची उष्णता पाहण्यांत अनेकदा किलोमागे हजार किलोकॅलरींच्या आसपास निघाली आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत ऊर्जेसाठी वापरायच्या कचऱ्याला १५०० किलोकॅलरींची पातळी धरली होती. ओला माल बाजूला काढला की उरलेल्या पन्नी-चिंध्या-पाकिटांची उष्णता आपोआप या रेषेच्या वर जाते. तो माल बारीक करून सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाबरोबर जाळता येतो. तिथे तापमान १४०० अंशांच्या पुढे असल्याने विषारी वायू बरेचसे मोडतात. चौकात पेटवलेल्या ढिगात ते मोडत नाहीत, थेट छातीत जातात.

मिसळण

आता मूळ कोड्याकडे येता येते. खताला हवा आणि शुद्ध माल हवा, टाकीला एका जातीचे खाणे हवे, भंगारवाल्याला कोरडा आणि स्वच्छ माल हवा, भट्टीला पाणी नको. या चौघांच्या गरजा निरनिराळ्या आहेत, आणि एकत्र टाकलेला कचरा चौघांच्याही कामाचा राहत नाही.

गाठ मारून दिलेली एक काळी पिशवी केंद्रावर फोडली तर हे नीट दिसते. आत भाताची शिते आणि आमटी, तिच्यात भिजलेले वर्तमानपत्र, दाढीचे पाते, दोन औषधांच्या पट्ट्या, एक डायपर, एक मेलेला सेल. वर्तमानपत्र सकाळी रद्दी होते, किलोवर विकले गेले असते. आमटीने त्याचा लगदा केला. भात टाकीत गेला असता. पात्याने त्याला हात लावणे धोक्याचे केले. गाठीमुळे आत हवा नाही, म्हणून सगळे आंबलेले आहे. अशी पिशवी न फोडता ढिगात गेली तर पाच आठवड्यांनीही आतला भात ओळखू येतो. सेल फुटला तर त्याचे धातू खतात उतरतात. शहरी खतात किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा दंडक आहे. पाऱ्याची मर्यादा इतकी बारीक आहे की फुटलेल्या ट्यूबलाइटी आणि थर्मामीटर मिसळलेले ढीग ती सहज ओलांडू शकतात.

मग केंद्रावर पट्टा लावून निवडा, असे वाटते. पट्ट्याचा वेग मोजून पाहावा. १५० टन कचरा सोळा तासांत निवडायचा तर तासाला साडेनऊ टन, म्हणजे सेकंदाला अडीच किलोहून अधिक माल डोळ्यांसमोरून जातो. पाच माणसांच्या घरात दिवसाला दीड किलो कचरा निघतो. म्हणजे स्वयंपाकघरात मिसळलेले जवळजवळ दोन घरांचे दिवसभराचे मिश्रण पट्ट्यावर दर सेकंदाला सुटे करायचे. मोठी चाळणी माती आणि बारीक भाग वेगळा करते, पंखा हलकी पन्नी उडवतो, चुंबक लोखंड उचलते. भिजलेला कागद भाजीपासून सोडवणारे यंत्र मात्र केंद्रावर नसते.

घरातल्या मिसळणीइतकीच वाईट गाडीतली मिसळण. गृहिणीने दोन डबे ठेवायचे आणि घंटागाडीवाल्याने तिच्या देखत दोन्ही एकाच हौदात ओतायचे, हे एकदा घडले की त्या घरातला दुसरा डबा कायमचा माळ्यावर जातो. लोकांना शिस्त नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी गाडीत कप्पे किती आहेत ते पाहावे. कंत्राटाची रीतही इथे आडवी येते. टनावर पैसे मिळत असतील तर ओला, मातीचा, पावसात भिजलेला कचरा ठेकेदाराच्या फायद्याचा ठरतो आणि रस्त्यातच कचरावेचकाने पुठ्ठा काढून घेतला तर त्याचे वजन घटते. वेगळा करून आणलेल्या कचऱ्याला वाढीव दर आणि मिश्र गाडीला कपात असे कलम नसेल, तर वर्गीकरण फक्त भिंतींवरच्या घोषणांत राहते.

छोट्या गावाने हे आधी करून दाखवले आहे. जेमतेम बारा हजार वस्तीच्या वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा दारातच निरनिराळा घ्यायला सुरुवात केली आणि केंद्रावर त्याचे आणखी बारीक प्रकार पाडले. ओल्याचा गॅस, पाल्याच्या कांड्या, निरुपयोगी पिशव्यांचा चुरा डांबरात. डेपोची जागा पाहायला आता बाहेरगावाहून लोक जातात. पंधरा लाखांच्या घरातल्या शहराला हेच जसेच्या तसे जमेल असे नाही; पण प्रभाग-प्रभागात वाटलेले शहर म्हणजे वेंगुर्ल्याएवढ्या शंभरेक वस्त्याच असतात.

जुना ढीग

नवा कचरा थांबला तरी जुना जागेवरच राहतो. नारेगावसारख्या ढिगांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये मार्गदर्शक रीत घालून दिली. ढीग थराथराने खणायचा, जिवाणूंचे पाणी फवारून उलथत वाळवायचा आणि चाळायचा. बारीक मातीसारखा भाग भरावाला किंवा बागेला, पन्नी-चिंध्या सिमेंटच्या भट्टीला, दगडविटा रस्त्याच्या भरावात. उरते ते थोडे, आणि जमीन मोकळी होते. पण दशकानुदशके मिसळून राहिलेल्या मातीत जड धातू असू शकतात, म्हणून तपासणीशिवाय ती अन्नाच्या पिकाला वापरू नये. अशा खणकामाला टनामागे शेकड्यांत खर्च येतो. जो कचरा सुरुवातीला सुटा ठेवायला एक जादा डबा लागला असता, तोच वीस-तीस वर्षांनी पैसे मोजून सुटा करावा लागतो.

पिशोरच्या बाजूने

शहरात येणारे प्रत्येक भाजीचे गाठोडे कुठल्या तरी रानातली पोषणद्रव्ये घेऊन येते. कन्नड, फुलंब्री, सिल्लोडच्या शेतांतून निघालेले नत्र, पालाश आणि कार्बन मंडईतून घरांत आणि घरांतून डेपोवर जातात. पूर्वी ते उकिरड्यातून त्याच रानात परतत. शहरी खत या फेऱ्यात पुन्हा बसू शकते, पण शेतकरी ते फुकट म्हणून घेत नाही. बैलाच्या खुरात आणि खुरपणाऱ्या बाईच्या बोटात काच जाते, हे त्याने एकदा पाहिलेले असते. चार मिलिमीटरच्या चाळणीतून काचेचे बारीक तुकडेही खाली येतात. त्यावर चाळणी बदलून उपाय होत नाही. काच ओल्यात येऊ न देणे एवढाच उपाय आहे.

आणि उकिरडाही आता पहिला राहिलेला नाही. पिशोरसारख्या बाजाराच्या गावात हॉटेले, मेडिकल, मोबाइलची दुकाने आली, गोठे कमी झाले, आणि खड्ड्यात शेणाऐवजी गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाउच, डायपर पडू लागले. अंजना नदीच्या काठच्या गावाला हे प्लास्टिक ओढ्यानाल्यांतून वाहत जाताना पावसाळ्यात दिसतेच. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावाला माणशी ४५ रुपये आणि त्याहून लहान गावाला माणशी ६० रुपये धरले होते. प्लास्टिकसाठी तालुक्याला एक केंद्र ठरले होते. वित्त आयोगाच्या अनुदानातला बंधित वाटाही स्वच्छतेला वापरता येतो. रक्कम मोठी नाही, पण पहिला निर्णय कोणता घ्यायचा, एवढ्यापुरती पुरेशी आहे. ग्रामपंचायतीने गावाबाहेर टाकायची जागा शोधण्याच्या आधी दोन कप्प्यांची गाडी घ्यावी, आणि दोन्ही कप्पे वेगवेगळ्या ठिकाणी रिकामे होतात हे गावाला रोज दिसेल अशी सोय करावी.